नाव राहू दे, होतंय काय?

आमचं अत्ताराचं दुकान होतं असं सांगितलं, की ऐकणाऱ्याच्या नाकाशी लगेच गुलाब आणि हिना येतात. तेही होतं, पण काचेच्या झाकणाच्या एका लहानशा पेटीत मावेल एवढंच. बाकीचं दुकान म्हणजे कुंकू, बुक्का, उदबत्त्या आणि भिंतभर काष्ठौषधींचे डबे. सुंठ, वेखंड, ज्येष्ठमध, मुरुडशेंग, सोनामुखी, काकडशिंगी, नागरमोथा, बाळहिरडे. सांगली जिल्ह्यातल्या आमच्या गावात माझ्या लहानपणी डॉक्टर नव्हता. तो तालुक्याला, सात मैलांवर. त्यामुळे दुखणं कुठलंही असो, पहिली फेरी आमच्या दुकानाच्या फळीशी होई. अब्बांना सगळं गाव अत्तारचाचा म्हणायचं.

शाळेतून आलो की मी फळीच्या आतल्या बाजूला बसायचो. श्रोतेहो, मी मराठीत कविता लिहितो, तेव्हा लोक विचारतात, ही भाषा तुम्ही कुठं शिकलात? खरं उत्तर म्हणजे त्या फळीशी. घरात आम्ही दखनी बोलायचो. मराठी यायची ती फळीच्या पलीकडून, आणि बहुतेक वेळा कण्हत यायची. डोळे आलेले असायचे, तोंड आलेलं असायचं, घसा बसलेला, कंबर धरलेली, पाठीत उसण भरलेली. आता डोळे आले म्हणजे काय, पाहुणे आहेत का ते? मला हसू यायचं. अब्बा डोळे वटारायचे.

पण त्यांची खरी पंचाईत वेगळी होती. गिऱ्हाईक दुखण्याचं नाव घेऊन यायचं, आणि नावावर विश्वास ठेवायची सोय नव्हती. पित्ताचंच घ्या. एकजण सांगायचा पित्त झालंय, तर त्याच्या छातीत जळजळत असायचं. दुसऱ्याचं अर्धं डोकं दुखायचं, तेही पित्तच. तिसरीच्या अंगावर गांधी उठलेल्या असायच्या, तिलाही पित्तच उठलेलं. चौथ्याला नुसती मळमळ. आजही मी शहरात बघतो, पन्नाशीचा माणूस छाती चोळत ‘पित्त आहे, गॅस आहे’ म्हणत रात्र काढतो आणि सकाळी कळतं की तो हृदयविकाराचा झटका होता. शब्द घरातला असला की माणूस बेसावध राहतो. कडकीची तर वेगळीच मजा. आमच्याकडे कडकी म्हणजे अंगातली उष्णता. मुंबईला गेलेला आमचा चुलतभाऊ पहिल्या सुट्टीत आला आणि फळीशी उभा राहून म्हणाला, ‘चाचा, लई कडकी आहे.’ अब्बांनी सब्जाची पुडी बांधायला घेतली. त्याला पैसे हवे होते.

अब्बांची एक रीत होती, आणि ती त्यांना एका चुकीनं शिकवलेली होती. माझ्या जन्माच्या आधीची गोष्ट. एक पोरगा पळत आला, ‘दादाला वात झालाय, औषध द्या.’ आमच्या घरात वात म्हणजे सांध्यांचं दुखणं. दादी गुडघे धरून बसायची तो वात. अब्बांनी निर्गुडीचं तेल दिलं, चोळायला सांगितलं. पोराच्या घरात वात म्हणजे तापाच्या भरात बरळणं. तो दादा दोन दिवस तापानं फणफणत काहीबाही बडबडत होता आणि घरची माणसं त्याचे गुडघे चोळत होती. तिसऱ्या दिवशी बैलगाडीत घालून तालुक्याला नेला. वाचला. तापानं त्याचा एक कान मात्र गेला. तो माणूस पुढं आयुष्यभर आमच्या दुकानात यायचा आणि दुसरा कान पुढं करून बोलायचा. त्यानं कधी बोल लावला नाही. अब्बांनी मात्र तेव्हापासून कुणाकडूनही आजाराचं नाव म्हणून ऐकून घेतलं नाही. कुणी नाव घेऊन आला की ते हात वर करायचे, ‘नाव राहू दे. होतंय काय ते सांग. कुठं होतंय? कवापासून?’ बायका पदर तोंडाला लावून हसायच्या, म्हातारे चिडायचे. ‘अत्तार, औषध दे की गा, कोर्टात उभं केल्यागत काय इचारतोस!’

देवीच्या शोधमोहिमेची एक गोष्ट ते कौतुकानं सांगायचे. १९७४-७५ च्या सुमाराची. मी तेव्हा चार-पाच वर्षांचा. आरोग्य खात्याचा माणूस गावोगाव फिरून देवीचा रोगी आहे का, विचारत होता. रोगी दाखवणाऱ्याला सरकार बक्षीस देत होतं; पुढं ते एक हजार रुपयांपर्यंत गेलं. आता गावात काय, कांजिण्यांनाही काही लोक देवीच म्हणायचे, गोवरालाही आई आली म्हणायचे, आमच्या गल्लीत सगळ्याचीच माता व्हायची, छोटी नाहीतर बडी. नाव विचारत बसला असता तर त्या माणसाला घरटी एक देवी सापडली असती. त्यानं विचारलं नाही. त्यानं पिशवीतून एक रंगीत कार्ड काढलं. त्यावर देवीच्या फोडांनी भरलेल्या मुलाचं चित्र. ‘असं कुणी बघितलंय?’ अब्बा म्हणायचे, सरकारनं पाठवलेला तेवढाच एक शहाणा माणूस मी बघितला. भारतातला देवीचा शेवटचा रोगी १९७५ साली सापडला आणि १९८० साली जगातून देवी गेल्याचं जागतिक आरोग्य संघटनेनं जाहीर केलं. त्यात लशीचा वाटा मोठा, हे खरंच. पण त्या कार्डाचाही मला वाटतो.

मी कॉलेजात जाऊन बी. ए. झालो, कोश चाळायला लागलो, तेव्हा ध्यानात आलं की घरातली दखनी आणि फळीपलीकडची मराठी वाटत होत्या तेवढ्या लांब नव्हत्या. मुळात आजार हा शब्दच फारसी. दमा फारसी, सर्दी फारसी. तब्येत आणि इलाज अरबीतून आलेले; आणि इलाज चालेना की मराठी माणूस म्हणतो नाइलाज झाला, हे तर मला फारच आवडतं. सगळ्यांत लांबचा प्रवास जुलाबाचा. फारसीतला गुलाब अरबीत जाऊन जुलाब झाला, म्हणजे गुलाबपाण्याचं गोड सरबत. त्या सरबतातून रेचक औषध देऊ लागले, तेव्हा त्या औषधालाच जुलाब म्हणू लागले. उर्दूत तो आजही औषधच आहे. मराठीत मात्र औषध घ्यायची गरज राहिली नाही, नुसतेच जुलाब होऊ लागले. आमच्या दुकानात पेटीत गुलाब आणि डब्यात सोनामुखी शेजारी शेजारी असायचे, ते उगाच नव्हे.

पण शब्द असा घर बदलतो तेव्हा अर्थ थोडा सांडतो. लकवा अरबीतून आला. तिकडे आणि उर्दूत लकवा म्हणजे चेहरा वाकडा होणं. अर्धं अंग गेलं तर त्याला फालिज म्हणतात. मराठीनं एकच शब्द घेतला आणि दोन्हींना वापरला. यात धोका आहे तो असा. नुसता चेहरा वाकडा होण्याचा जो नेहमीचा प्रकार आहे, तो बहुतेकांचा काही आठवड्यांत, काही महिन्यांत आपोआप सुधारतो. मग त्या काळात ज्यानं झाडपाला दिला असेल, त्याचं लकव्याचं औषध पंचक्रोशीत गाजतं. आणि ज्याच्या मेंदूतली रक्तवाहिनी तुंबून अर्धं अंग गेलंय, त्यालाही लोक लकवाच म्हणून त्याच्याचकडे नेतात. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. ते साडेचार तास झाडपाल्याच्या रांगेत जातात.

आता जी गोष्ट सांगायची आहे ती सांगतो. इतका वेळ तिच्या भोवतीनंच फिरतो आहे.

माझी आपा माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. ती दहावीत असताना तिच्या उजव्या कोपरावर पांढरा ठिपका दिसला. मग दोन झाले, मग कोपराभोवती एक नकाशा. मराठीत याला कोड म्हणतात. आमच्या गावात कुणालाही विचारा, कोड म्हणजे पांढरे डाग. कातडीला रंग देणाऱ्या पेशी नाहीशा होतात, एवढंच. दुखत नाही, खाजत नाही, एकाचं दुसऱ्याला होत नाही. घरात अम्मी सफेद दाग म्हणायची.

१९८४ साली आपाला एक स्थळ आलं. माणसं गुलबर्ग्याकडची, घरात उर्दू बोलणारी, चांगली होती. अम्मीनं काही लपवलं नाही. बघायला आलेल्या बायकांना आत नेऊन आपाची बाही वर करून दाखवली. ‘सफेद दाग है, इत्ताच है.’ त्यातली वडीलधारी बाई म्हणाली, ‘अल्लाची मर्जी, लडकी अच्छी है.’ सुपारी फुटायची तेवढी राहिली.

मुलाचे मामा संध्याकाळी गावात एक फेरी मारायला म्हणून बाहेर पडले. चौकशी करायची रीतच असते, त्यात वावगं नाही. शेजारच्या काकू दारात तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी आपाला न्हाऊमाखू घातलेलं. मामांनी मोडक्या मराठीत मुलीबद्दल विचारलं. काकूंनी मनापासून गुण गायले. स्वयंपाक, शिवण, अभ्यास. आणि प्रामाणिकपणानं शेवटी म्हणाल्या, ‘हाताला थोडं कोड आहे, पण त्याचं काय एवढं.’

मामांनी ऐकलं, कोढ.

हिंदी-उर्दूत कोढ म्हणजे महारोग. कुष्ठ. दोन्ही शब्द एकाच आईचे. संस्कृतातला कुष्ठ हा फार ऐसपैस शब्द होता. जुन्या वैद्यकात कुष्ठाचे अठरा प्रकार सांगितले आहेत, त्यात कातडीच्या कितीतरी दुखण्यांची गणना झाली आहे. त्याचा प्राकृतातून कोढ झाला. हिंदीनं तो महारोगासाठी ठेवला, मराठीनं कोड करून पांढऱ्या डागांसाठी. आणि आमच्या गल्लीत, दोन उंबऱ्यांच्या मध्ये, त्या दिवशी ते दोघे समोरासमोर आले.

रात्रीच्या गाडीनं पाहुणे निघून गेले. आठ दिवसांनी निरोप आला, तुम्ही कोढ लपवलात. अब्बा आपाला घेऊन तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात गेले, मीही बरोबर होतो. तिथं कुष्ठरोगाचं काम बघणारा एक माणूस होता. त्यानं आपाला डोळे मिटायला सांगितले आणि कापसाचं बारीक टोक तिच्या डागांवर टेकवत गेला. ‘कुठं लागलं, बोट ठेव.’ ती न चुकता बोट ठेवत होती. महारोगाच्या चट्ट्याला स्पर्श कळत नाही आणि तो असा दुधासारखा पांढराही नसतो, हे त्यानं आम्हांला नीट समजावलं. डॉक्टरांनी कागद लिहून दिला. त्यावर इंग्रजीत लिहिलं होतं, ल्युकोडर्मा. अब्बांनी तो गुलबर्ग्याला पाठवला. उत्तर आलं ते एका ओळीचं: लेप्रसी म्हणतात ती हीच ना?

अरबीत या दोन दुखण्यांना दोन वेगळी नावं आहेत, कोडाला बरस आणि महारोगाला जुजाम. अब्बांना ती ठाऊक होती. त्यांनी पुन्हा पत्र लिहायला घेतलं आणि अर्ध्यावर फाडलं. म्हणाले, जन्मभर लोकांना नाव राहू दे म्हणालो, आता मीच नावं पाठवत बसू काय.

श्रोतेहो, इथंच थांबलो तर आमच्यावर अन्याय झाला एवढीच गोष्ट होते. पण ती तेवढी नाही.

गावाबाहेर आमराईची राखण करणारे एक आबा होते. त्यांना महारोग झालेला होता. हाताची बोटं झडलेली. सरकारी गोळ्या चालू होत्या, पण जुनी सवय म्हणून ते महिन्याला आमच्याकडून कडू कवठाचं तेल न्यायचे. महारोगावर गोळ्या येण्याआधी तेच तेल वापरत. इतर दुकानदार त्यांना पैसे जमिनीवर ठेवायला सांगत. अब्बा हातातून घ्यायचे. कित्येक वर्षं. त्या फळीशी मी जे काही बघितलं, त्यात मला सगळ्यांत जास्त अभिमान वाटायचा तो याचा.

निरोप आल्यानंतरच्या महिन्यात आबा नेहमीप्रमाणे बाटली घेऊन आले. फळीशी चार गिऱ्हाइकं होती. अब्बांनी तेल दिलं, पैसे हातातच घेतले, आणि हळू आवाजात म्हणाले, ‘आबा, थोडे दिवस पोराला पाठवा. तुम्ही नका येऊ.’ आबांनी बाटलीचं बूच मनगटांनी दाबून बसवलं. ते चिडले नाहीत. त्यांनी विचारलं, ‘पोरीचं काय जमलं न्हाई व्हय?’

अब्बा काही बोलले नाहीत. मी फळीच्या आत बसलो होतो, चौदा वर्षांचा. मला तेव्हा अब्बांचं बरोबर वाटलं, हे मला कबूल केलं पाहिजे. आम्ही सगळे त्या दिवसांत येईल त्याला सांगत होतो, कोढ नव्हे हो, कोड. आमच्या मुलीला तसलं काही नाही. ‘तसलं’ हा शब्द आम्ही कसा उच्चारत होतो ते मला आज ऐकू येतं.

आबा पुन्हा दुकानात आले नाहीत. त्यांचा नातू यायचा. अब्बा नंतर दोनदा आमराईत गेले. काय बोलणं झालं ते घरी सांगितलं नाही. मी बी. ए. च्या शेवटच्या वर्षाला असताना आबा गेले. तोवर महारोगावरची बहुविध औषधं देशात येऊन रोग पुरता बरा होऊ लागला होता. कायद्याला मात्र ते कळायला वेळ लागला. मुस्लिम विवाह विच्छेदाचा १९३९ चा कायदा असो की १९५५ चा हिंदू विवाह कायदा, कुष्ठरोग हे घटस्फोटाचं एक कारण म्हणून त्यांत लिहिलेलं होतं. ते २०१९ साली काढलं. मी ती बातमी वाचली तेव्हा अब्बा नव्हते. आपाला फोन करून सांगितली. ती म्हणाली, आबांना सांगायला पाहिजे होती.

काकूंचं राहिलं. त्यांना महिन्याभरानं कुणीतरी सांगितलं की तुमच्या शब्दामुळं मोडलं. त्या अम्मीपुढं येऊन रडल्या. ‘मी खोटं काय बोलले? कोडाला कोडच म्हणतात की.’ खरंच होतं. त्या चुकल्या नव्हत्या, मामाही ऐकण्यात चुकले नव्हते. अम्मीनं त्यांना चहा दिला. पण त्या दिवसानंतर काकूंनी आमच्या घरातल्या कुणाच्याही साध्या पडशाचंही नाव घेतलं नाही. ‘जरा बरं नाही वाटतं पोराला?’ एवढंच विचारायच्या.

आपाचं लग्न १९९२ साली झालं, कराडला. माणूस वीज मंडळात वायरमन. बघायला आला तेव्हा तिनं कुणाला बोलू दिलं नाही, स्वतःच बाही वर केली. ‘हे बघा. काय म्हणायचं ते म्हणा.’ दाजी म्हणतात, मला काही म्हणायला वेळच दिला नाही. आता तिला दोन नातवंडं आहेत, आणि कोपरावरचा नकाशा मनगटापर्यंत उतरला आहे.

गेल्या वर्षी तिचे गुडघे दाखवायला पुण्याला आणलं होतं. दवाखान्याच्या बाकावर तिच्या शेजारी एक बाई बसली होती, उत्तरेकडची, बांधकामावर कामाला असावी. तिची नजर आपाच्या हाताकडं गेली आणि ती किंचित सरकली. मग तिलाच वाईट वाटलं असावं. हळूच म्हणाली, ‘अम्मा, ये कोढ़ है क्या?’

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. व्युत्पत्तीसकट सगळं तयार होतं माझ्याजवळ. आपानं मला गप्प बसवलं. तिनं हात त्या बाईच्या पुढं केला आणि डोळे मिटून घेतले.

‘लगाव उंगली. किधर लगाई, मैं बताती.’

बाई माझ्याकडं बघायला लागली. मग तिनं एक बोट पुढं केलं. सिमेंटनं चिरलेलं बोट होतं ते. ते हवेत जरा थांबलं आणि खाली टेकलं.

‘इधर,’ आपा म्हणाली. ‘कोपराच्या जरा वर.’